पोहरादेवीचे मत राष्ट्रपती भवनापर्यंत कसे पोहोचते?

रामनवमीच्या यात्रेत वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवीला पाय ठेवायला जागा नसते. मानोरा तालुक्यातले हे गाव एरवी लहानसे. पण संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे, म्हणून देशभरचा बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो. यात्रेला माणसे येतात ती विदर्भ-मराठवाड्यातून तर येतातच, शिवाय तेलंगणातून, कर्नाटकातून, आंध्रातूनही येतात. घरात बोलायची भाषा एक, श्रद्धास्थान एक, गाणी एक. मात्र गावाचे नाव विचारले की राज्ये वेगवेगळी निघतात.

समजा, या यात्रेत चार राज्यांतील चार कुटुंबे एका झाडाखाली भाकरी सोडून बसली आहेत आणि गोष्ट निघाली राष्ट्रपतींच्या निवडणुकीची. महाराष्ट्रातला म्हणतो, "आमच्या आमदाराचे मत १७५ चे." आंध्रातला म्हणतो, "आमच्या आमदाराचे १५९ चे." तेलंगणातला सांगतो १३२ आणि कर्नाटकातला सांगतो १३१. चौघांचेही आकडे बरोबर आहेत. मग प्रश्न उभा राहतो : एका माणसाला एक मत, असे आपण नागरिकशास्त्रात शिकतो, तर हे १७५ आणि १३१ कोठून आले? कर्नाटकातला माणूस महाराष्ट्रातल्या माणसापेक्षा वजनाने हलका आहे की काय?

वर्गात हा धडा शिकवताना बहुतेक वेळा सूत्र फळ्यावर लिहिले जाते, मुले ते वहीत उतरवून घेतात, आणि हा प्रश्न तसाच राहून जातो. खरे तर या सूत्रात सातवीच्या भागाकारापलीकडचे गणित नाही. आपण ते मुळापासून पाहू या.

प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष

आधी गावातल्या गावात पाहू. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मतदार आपल्या प्रभागाचे सदस्य निवडतो. सरपंच कोणी निवडायचा? महाराष्ट्रात पूर्वी सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. २०१७ साली कायदा बदलला आणि सरपंच थेट गावाने निवडावा असे ठरले. २०२० साली ते पुन्हा सदस्यांकडे गेले. २०२२ साली परत गावाकडे आले! म्हणजे पाच वर्षांत एकाच खुर्चीने दोन्ही पद्धती पाहिल्या. गाव थेट निवडते ती प्रत्यक्ष निवडणूक. गावाने निवडलेले लोक पुढचा माणूस निवडतात ती अप्रत्यक्ष निवडणूक. उपसरपंचाची निवड आजही अप्रत्यक्षच आहे आणि जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाचीही तशीच.

राष्ट्रपतींची निवडणूक अप्रत्यक्ष असावी की प्रत्यक्ष, यावर घटना समितीत चांगला वाद झाला होता. प्रा. के. टी. शहा यांचे म्हणणे, राष्ट्रपती सर्व प्रौढ मतदारांनी थेट निवडावा. पंडित नेहरूंनी जुलै १९४७ मध्येच याची उलट बाजू मांडली होती. आपल्या पद्धतीत खरी सत्ता मंत्रिमंडळाच्या हाती राहणार. साऱ्या देशाने मत देऊन निवडलेल्या माणसाला प्रत्यक्ष अधिकार मात्र द्यायचे नाहीत, हे विसंगत होईल. खर्च आणि श्रम होतील ते वेगळेच. मग केवळ संसदेने निवडला तर? नेहरूंना तेही पसंत नव्हते, कारण संसदेत ज्या पक्षाचे बहुमत, त्याच पक्षाचा माणूस दर वेळी येणार. म्हणून राज्यांच्या विधानसभाही त्यात घ्याव्यात असे ठरले. संसद आणि विधानसभा यांच्या निवडून आलेल्या सदस्यांचा मिळून जो मतदारसंघ होतो त्याला 'निर्वाचकगण' म्हणतात. संविधानाच्या ५४ व्या अनुच्छेदात त्याची व्याख्या आहे.

'निवडून आलेल्या' हा शब्द महत्त्वाचा. राज्यसभेतील १२ नामनियुक्त सदस्यांना या निवडणुकीत मत नाही. विधान परिषदेच्या सदस्यांनाही नाही, मग ते शिक्षक मतदारसंघातून निवडून आलेले का असेनात. शिक्षक वाचकांना ही गोष्ट थोडी टोचेल! (उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीचा प्रकार वेगळा. तेथे आमदार नाहीत. फक्त खासदार, पण नामनियुक्त धरून. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन ४५२ विरुद्ध ३०० मतांनी उपराष्ट्रपती झाले. तेथे प्रत्येक मताची किंमत एकच असल्याने आकडे एवढे लहान दिसतात.)

शाळेतले निर्वाचकगण

आता मतांच्या किमतीकडे येऊ. सूत्र सांगण्याआधी एक खेळ करून पाहा. पोहरादेवीच्या एखाद्या शाळेत आठवीचे ६०, नववीचे ४८ आणि दहावीचे ३० विद्यार्थी आहेत असे समजा. आठवीने ३ प्रतिनिधी निवडले, नववीने ४ आणि दहावीने २. या ९ प्रतिनिधींनी शाळेचा विद्यार्थी-प्रमुख निवडायचा आहे. प्रत्येकाला एकेक मत दिले तर काय होईल? नववीची मते ४, आठवीची ३. मुले मात्र आठवीची जास्त! प्रतिनिधी किती असावेत हे त्या वर्गाने आपल्या सोयीने ठरवले होते. त्याची शिक्षा आठवीच्या मुलांना का?

यावर तोडगा सोपा आहे. प्रत्येक प्रतिनिधी किती मुलांच्या वतीने बोलतो ते काढा आणि तेवढे वजन त्याच्या मताला द्या. आठवीच्या प्रतिनिधीचे वजन ६० भागिले ३, म्हणजे २०. नववीच्या प्रतिनिधीचे १२. दहावीच्या प्रतिनिधीचे १५. आता आठवीची एकूण मते ६०, नववीची ४८, दहावीची ३०. बेरीज १३८, आणि शाळेतील मुलेही १३८. प्रतिनिधींची मते असमान झाली तेव्हा कोठे मुले समान झाली.

विधानसभांची गोष्ट हीच आहे. प्रत्येक राज्याने विधानसभेत किती जागा ठेवल्या यात एकवाक्यता नाही. महाराष्ट्रात २८८ आमदार, कर्नाटकात २२४, आणि लोकसंख्या तर त्याहून निराळ्या प्रमाणात. म्हणून राज्याच्या लोकसंख्येला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायचे. येणारा आकडा लाखात असतो, तो आटोपशीर करण्यासाठी हजाराने भागायचे. बाकी ५०० किंवा अधिक उरली तर एक वाढवायचा, कमी उरली तर सोडून द्यायची.

महाराष्ट्राचे गणित असे. १९७१ सालच्या जनगणनेत लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तिला २८८ ने भागले की १,७५,०४२ येतात. हजाराने भागून १७५. कर्नाटकाची लोकसंख्या २,९२,९९,०१४. तिला २२४ ने भागून १,३०,७९९. येथे १३० हजार आणि वर ७९९, म्हणून १३१. उत्तर प्रदेशात ४०३ आमदार. प्रत्येकाचे मत २०८ चे, देशात सर्वांत वजनदार. सिक्कीमच्या ३२ आमदारांचे प्रत्येकी ७. आपल्या शेजारच्या गोव्यातील ४० आमदारांचे प्रत्येकी २०.

आता हेच गणित उलटे करा, म्हणजे झाडाखालच्या प्रश्नाचे उत्तर मिळेल. महाराष्ट्राच्या सर्व आमदारांची मिळून मते २८८ गुणिले १७५, म्हणजे ५०,४००. पाच कोटी चार लाखांना पन्नास हजार चारशेंनी भागा : एका मतामागे १,००० माणसे. कर्नाटकाची मते २९,३४४. एका मतामागे ९९८ माणसे. उत्तर प्रदेशात पुन्हा १,०००. सिक्कीममध्ये ९३७, कारण ६,५५७ चे ७ करताना लहान राज्याला थोडा लाभ झाला. बाकी सगळीकडे हिशेब एकच : १९७१ सालच्या हजार माणसांमागे एक मत. एखाद्या तांड्यात आणि त्याच्या शेजारच्या गावात मिळून तेव्हा हजार माणसे राहत असतील, तर राष्ट्रपतींच्या निवडणुकीत त्यांचे मिळून एक मत झाले. मग तो तांडा मानोऱ्याजवळचा असो की कर्नाटकातला.

१९६९ सालच्या निवडणुकीत, जिच्याकडे आपण पुढे येणारच आहोत, १९६१ ची जनगणना धरली होती. तेव्हा महाराष्ट्राची लोकसंख्या ३,९५,५३,७१८ आणि आमदार २७०. भागाकार करून पाहा. १४६ हजार आणि वर ४९५! पाच माणसे कमी पडली म्हणून आपल्या आमदाराचे मत १४७ ऐवजी १४६ राहिले.

दोन्ही बाजूंची गोणी

खासदारांच्या मतांचा हिशेब वेगळा आहे. सर्व राज्यांतील आमदारांच्या मतांची बेरीज करायची आणि तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागायचे. २०२२ साली आमदारांच्या मतांची बेरीज ५,४३,२३१ होती. खासदार ७७६ : लोकसभेचे ५४३ आणि राज्यसभेचे २३३. भागाकार ७००. म्हणजे खासदारांची एकूण मते ५,४३,२००. दोन्ही बाजूंत फरक अवघा ३१ चा.

बंजारा समाजाचा जुना व्यवसाय लदेणीचा. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून तांडे मुलूखच्या मुलूख पार करीत. बैलाच्या दोन्ही अंगांना गोणी लोंबत असे, आणि दोन्हीकडचे वजन सारखे नसेल तर बैलाला चालणे अवघड होई. घटनाकारांनी एका बाजूला सर्व राज्ये आणि दुसऱ्या बाजूला संसद अशी समतोल लदेणी केली आहे, एवढे लक्षात ठेवले तर सूत्र पाठ करावे लागणार नाही.

त्या वेळी ७०० हा आकडा आधीच्या ७०८ पेक्षा उतरला होता. खासदारांचे महत्त्व घटले असे मात्र नाही. जम्मू-काश्मीरमध्ये तेव्हा विधानसभाच नव्हती. तेथील ८७ आमदारांची प्रत्येकी ७२ प्रमाणे ६,२६४ मते २०१७ च्या बेरजेत होती, ती २०२२ मध्ये नव्हती. एका बाजूची गोणी हलकी झाली म्हणून दुसरीही तेवढीच हलकी करावी लागली.

पोहरादेवीच्या मतदाराचा प्रभाव या सगळ्यात तीन वाटांनी जातो. तो कारंजा विधानसभा मतदारसंघात आमदार निवडतो. यवतमाळ-वाशीम लोकसभा मतदारसंघात खासदार निवडतो. आणि राज्यसभेचे खासदार आमदार निवडतात, म्हणून तिसरी वाट आमदाराच्या हातून पुन्हा एकदा वळसा घेऊन जाते. महाराष्ट्राचे सर्व आमदार आणि सर्व ६७ खासदार धरले तर २०२२ च्या दराने राज्याची मते होतात ९७,३००. एकूण १०,८६,४३१ मतांपैकी सुमारे ९ टक्के.

विमानात बसलेली मतपेटी

आमदार मतदान करतात ते मुंबईला विधान भवनात. मतपत्रिका दोन रंगांच्या असतात : खासदारांना हिरवी, आमदारांना गुलाबी. आमदारांच्या मतांची किंमत राज्यागणिक बदलते, म्हणून मोजताना आधी मतपत्रिका वेगळ्या कराव्या लागतात. लिहायला आयोगानेच दिलेले जांभळ्या शाईचे पेन वापरावे लागते. खिशातले चालत नाही. मतदान यंत्र येथे उपयोगी नाही, कारण बटण दाबून काम भागत नाही. उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. पहिली पसंती लिहिलीच पाहिजे, पुढच्या पसंत्या ऐच्छिक. आकडा देवनागरी चालतो, रोमन चालतो. पण 'एक' असे अक्षरात लिहिले की मत बाद!

२०२२ साली रिकाम्या मतपेट्या दिल्लीहून राज्यांच्या राजधान्यांत विमानाने पाठवल्या गेल्या. पेटी सामानात टाकायची नाही, अधिकाऱ्याच्या शेजारच्या आसनावर ठेवायची, म्हणून तिचे स्वतंत्र तिकीट काढले होते आणि प्रवाशाचे नाव होते 'मिस्टर बॅलट बॉक्स'. १८ जुलैला मतदान झाल्यावर पेट्या तशाच परत गेल्या. २१ जुलैला मोजणी झाली. श्रीमती द्रौपदी मुर्मू यांना ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हा यांना ३,८०,१७७ मते पडली. मते देणारी माणसे पाच हजारांहून कमी, आकडे मात्र लाखांत, याचे कारण आता तुम्हाला ठाऊक आहे.

दोनच उमेदवार असले की मोजणी सरळ. पसंतीच्या आकड्यांचे काम पडते ते तिसरा दमदार उमेदवार उभा राहतो तेव्हा. असे एकदाच घडले आहे, आणि तो तिसरा उमेदवार मराठी होता.

१९६९ : देशमुखांच्या मतपत्रिका

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले. काँग्रेसने नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी स्वतंत्रपणे उभे राहिले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी रेड्डी यांच्या अर्जावर सही केली होती, पण मतदानाच्या तोंडावर त्यांनी सदस्यांना अंतरात्म्याला स्मरून मत देण्यास सांगितले. याचा अर्थ सर्वांना कळला. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी पाठिंबा दिला तो चिंतामणराव देशमुख यांना. रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले सी. डी. देशमुख म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे केंद्राचे अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली मंत्रिपद सोडणारेही तेच.

१६ ऑगस्टला मतदान झाले. वैध मतांची एकूण किंमत ८,३६,३३७. जिंकायला तिच्या अर्ध्याहून अधिक, म्हणजे ४,१८,१६९ मते हवीत. पहिल्या पसंतीची मते मोजली तेव्हा गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मिळाली. आणखी बारा उमेदवार होते. त्यांतल्या पाच जणांना एकही मत नव्हते आणि उरलेल्या सात जणांना मिळून ८,५०५. या सातांत पांडुरंग नथुजी राजभोज हे पहिल्या लोकसभेतील सोलापूरचे सदस्यही होते; त्यांना ८३१ मते होती.

गिरी सर्वांच्या पुढे, पण निम्म्याच्या अलीकडे. आमदारकीच्या निवडणुकीत ते येथेच विजयी ठरले असते. येथे मात्र मोजणी थांबत नाही. सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद करायचा, त्याच्या मतपत्रिका उघडून पुढची पसंती पाहायची आणि त्या-त्या उमेदवाराकडे त्या द्यायच्या. असे करीत करीत शेवटी देशमुखही बाद झाले आणि त्यांचा गठ्ठा उघडला. दुसरी पसंती रेड्डींना द्यावी असे ठरलेले असल्यामुळे बहुतेक मते तिकडे गेली. बाद झालेल्या सर्वांची मिळून ९१,८७९ मते रेड्डींना गेली आणि १८,५६२ गिरींना. १०,८३३ मते कोणाकडेच गेली नाहीत, कारण त्या मतपत्रिकांवर पुढची उपयोगी पसंती लिहिलेली नव्हती.

शेवटचा आकडा : गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. लागणाऱ्या मतांपेक्षा गिरींकडे १,९०८ अधिक होती. पेन्सिल घेऊन ही बेरीज-वजाबाकी स्वतः करून पाहा. सगळे आकडे चोख जुळतात. आणि एक शोधा : ती वाया गेलेली १०,८३३ मते सगळीच्या सगळी रेड्डींना मिळाली असती, तर निकाल बदलला असता काय?

या निवडणुकीनंतर तीन महिन्यांत काँग्रेस फुटली. अर्जांची गर्दी टाळण्यासाठी १९७४ साली कायदा कडक झाला, १९९७ साली आणखी कडक झाला. आता ५० सूचक, ५० अनुमोदक आणि १५,००० रुपये अनामत लागते. रेड्डी १९७७ साली परत उभे राहिले. ३७ अर्जांपैकी ३६ छाननीत बाद झाले आणि ते बिनविरोध राष्ट्रपती झाले! पक्षाने पाडलेला माणूस त्या पदावर असा आला.

सहलीला कोठे जायचे?

कोणी म्हणेल, १९६९ साली पहिला होता तोच शेवटी जिंकला, मग एवढा खटाटोप कशाला? उत्तर वर्गातच मिळेल. ४० मुलांच्या वर्गाने सहलीचे ठिकाण ठरवायचे आहे. लोणारला १७ मते, चिखलदऱ्याला १३, माहूरला १०. साध्या पद्धतीने सहल लोणारला निघेल, आणि २३ मुलांना ते ठिकाण पहिले नको होते. आता माहूर बाद करा. त्या दहांपैकी नऊ जणांनी दुसरी पसंती चिखलदऱ्याला दिली असेल, एकाने लोणारला, तर लोणार १८ आणि चिखलदरा २२. निकाल फिरला.

पण जरा थांबा. लोणारवाल्या १७ आणि चिखलदऱ्याच्या १३ मुलांची दुसरी पसंती माहूरच असेल तर? मग माहूर आणि लोणार अशी दोघांचीच लढत लावली असती तर माहूर २३ विरुद्ध १७ ने जिंकले असते. माहूर आणि चिखलदरा अशी लावली असती तरी २७ विरुद्ध १३ ने माहूरच. जे ठिकाण समोरासमोर कोणालाही हरवते, ते आपल्या पद्धतीत पहिल्या फेरीतच बाद झाले! हा काही आपल्या वर्गाचा दोष नाही. तीन किंवा अधिक पर्याय असले, तर पसंतीक्रम मोजण्याची कोणतीही पद्धत काही साध्या, रास्त अटी एकाच वेळी पाळू शकत नाही, असे केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५१ साली गणिताने सिद्ध केले. आपल्या घटनाकारांनी या पद्धतीला 'प्रमाणशीर प्रतिनिधित्व' म्हटले आहे. पण जागा एकच असताना तिचे प्रमाणशीर वाटप कसे करणार? नावापेक्षा काम पाहावे हे बरे.

आमदार आपल्या मतदारांच्या मर्जीविरुद्ध मत देऊ शकतो काय? देऊ शकतो. मतदान गुप्त असते आणि या निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही. १९६९ साली हेच दिसले. २००७ साली शिवसेना भैरोंसिंह शेखावत यांच्या आघाडीत असूनही तिने मराठी उमेदवार म्हणून श्रीमती प्रतिभाताई पाटील यांना मते दिली. त्या जळगाव जिल्ह्यातल्या, आणि आपल्या शेजारच्या अमरावतीच्या माजी खासदार. ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ मतांनी त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षही अप्रत्यक्षच निवडला जातो, पण तेथे आपल्यासारखी वजने जुळवलेली नाहीत. ५३८ निर्वाचक राज्यांना वाटलेले असतात आणि लहानात लहान राज्यालाही तीन मिळतात. त्यामुळे २०२० च्या जनगणनेप्रमाणे वायोमिंगमध्ये सुमारे १,९२,००० माणसांमागे एक निर्वाचक, तर कॅलिफोर्नियात सुमारे ७,३२,००० माणसांमागे एक. शिवाय बहुतेक राज्यांत ज्याला अधिक मते, त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक. म्हणून २००० साली अल् गोर यांना आणि २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना देशभरात लोकांची मते अधिक मिळूनही ते हरले. या बाबतीत आपली व्यवस्था मला अधिक नेटकी वाटते.

मात्र एक गाठ आपल्याकडेही आहे, आणि तुम्ही ती वर हेरली असेल. सगळा हिशेब १९७१ सालचा का?

थांबवलेले घड्याळ

संविधानात मुळात शेवटच्या जनगणनेचे आकडे घ्यायचे होते. १९७६ सालच्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते १९७१ वर थांबवले. २००१ सालच्या ८४ व्या दुरुस्तीने मुदत वाढवली : २०२६ नंतर होणाऱ्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत १९७१ चेच धरायचे. कारण असे. कुटुंबनियोजन ज्या राज्यांनी मनावर घेतले त्यांची लोकसंख्या सावकाश वाढली. नवे आकडे घेतले असते तर त्यांचे वजन घटले असते. म्हणजे चांगले काम केल्याचा दंड!

दुसरी बाजूही आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ झाली. मते तीच ५०,४००. आता एका मतामागे २,२३० माणसे. केरळात एका मतामागे १,५७०. राजस्थानात २,६५७. 'हजार माणसांमागे एक मत' हे १९७१ साली खरे होते. आज राजस्थानातील माणूस केरळातील माणसापेक्षा खरोखरच हलका आहे. दोन्ही बाजूंची तक्रार रास्त आहे, आणि नव्या जनगणनेचे आकडे आल्यावर हा प्रश्न संसदेपुढे आणि तुमच्यापुढे येणारच आहे. आज नववीत असलेले तुम्ही तोवर मतदार झालेले असाल.

पूर्वतयारी म्हणून हे उदाहरण वहीत सोडवा. २०११ साली केरळची लोकसंख्या ३,३४,०६,०६१ आणि आमदार १४०. राजस्थानची ६,८५,४८,४३७ आणि आमदार २००. आज केरळच्या आमदाराचे मत १५२ चे आणि राजस्थानच्या आमदाराचे १२९ चे आहे. २०११ चे आकडे घेऊन दोघांचे आणि आपल्या महाराष्ट्राच्या आमदाराचे मत काढा. वर्गात निम्म्या मुलांनी केरळची बाजू घ्या, निम्म्यांनी राजस्थानची, आणि १९७१ च्या ऐवजी २०११ धरावे की नाही यावर मतदान घ्या. तिसरा पर्यायही ठेवा, म्हणजे पसंतीक्रम लिहावे लागतील.